कनातीशेजारचे जगदेवभाऊ

आमच्या सोनाळ्याच्या तंबूत सिनेमा चालू असला, की राक्षस यायच्या आधी जगदेवभाऊ त्याची वर्दी देत. पडद्यावर राजकन्या बागेत फुलं खुडत असे, मागचं संगीत जरा खालच्या पट्टीत उतरे, आणि पुरुषांच्या बाजूनं, अगदी मधल्या कनातीला लागून, एक खणखणीत आवाज उठे, "येऊन राह्यला." सगळा तंबू श्वास धरून वाट बघे. निम्म्या वेळा खरोखरच राक्षस येई. उरलेल्या वेळी राजकन्येचा मामा येई, नाहीतर माळी, नाहीतर नुसतंच एखादं हरीण. पण त्यामुळे भाऊ कधी ओशाळले नाहीत. संगीत पुन्हा उतरलं, की पुन्हा तीच वर्दी, त्याच जोरात.

मी बुलढाण्याचा. महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती तेव्हा बदलीवर सोनाळ्याच्या शाळेत गेलो. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. करमणूक म्हणाल तर भजन, कुस्त्यांची दंगल आणि दिवाळीनंतर बाजाराच्या मैदानात पडणारा गुलाबशेठचा तंबू. मला सिनेमाचा शौक, आणि सिनेमा बघताना कुणी मध्ये बोललेलं मला मुळीच खपत नाही. पहिल्याच खेळाला मी मागं वळलो आणि वर्गातल्या आवाजात म्हणालो, "अहो, गप्प बसा की जरा."

तो माणूस रागावला नाही. त्यानं मला अंधारात नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुमी नवे गुरुजी का? मंग तुमाले आदी सांगतलेलं वाईट काऊन वाटते? परीक्षेच्या आदी तुमी पोट्ट्याईले सारं सांगूनच टाकता न."

आजूबाजूचे हसले. मी काहीतरी सडेतोड बोलणार होतो, तेवढ्यात राक्षस आला आणि माझं बोलणं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सदऱ्याचं कापड घेऊन शिंप्याकडे गेलो, तर मशीनवर हेच गृहस्थ. उंच, हडकुळे, गळ्यात टेप, कानावर खडू, तोंडात टाचण्या. चावडीसमोरच्या ओट्यावर त्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या बरोबर समोर गुलाबशेठच्या तंबूचा फळा. फळा पूर्वी एसटी स्टँडवर असायचा म्हणे. भाऊंनी गुलाबशेठच्या मागं लागून लागून तो आपल्या नजरेसमोर आणवला होता. फळ्याचे दोन भाग. एकावर लिहिलेलं 'आज', दुसऱ्यावर 'आगामी'. 'आज'कडे भाऊ ढुंकून बघत नसत.

"आजचं काय पाहाचं?" ते म्हणत. "ते तं आलं."

आगामीच्या बाजूला नवं पोस्टर लागलं, की मशीन थांबे. पोस्टरची खळ ओली असतानाच भाऊ समोर जाऊन उभे राहत. कधी दोन पावलं मागं सरत, कधी अगदी नाक लावत. राक्षसाची छाती त्यांनी पोस्टरवर टेप लावून मोजलेली मी स्वतः पाहिली आहे. तोवर ओट्यावर पाच-दहा माणसं जमलेली असत. मग भाऊ तोंडातल्या टाचण्या काढत आणि चित्र किती आण्यांचं ते सांगत.

नवे पैसे येऊन बरेच दिवस झाले होते, पण भाऊंचा हिशेब आण्यांतच चाले. दोन आणे म्हणजे तिकडे फिरकू नका. आठ आणे म्हणजे काम नसेल तर जा. बारा आणे म्हणजे घरातलं काम ठेवून जा. पंधराच्या वर भाऊ कधी गेले नाहीत. सोळावा आणा देवाचा, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यातही त्यांना रस फक्त जादूच्या, राक्षसांच्या, उडत्या महालांच्या आणि आभाळातल्या सिनेमांत. घरगुती रडारडीचं पोस्टर लागलं, की ते टाचण्यासुद्धा काढत नसत. टाचण्यांआडूनच म्हणत, "भावाभावाचं भांडन पाहाले पैसे कायले द्याचे? भिंतीले कान लावा. बाजूच्या घरी चालूच हाय."

माणूस शिंपी, तेव्हा परीक्षाही शिंप्याच्या नजरेनंच व्हायची. एकदा गायब होणाऱ्या माणसाचं चित्र आगामीत लागलं. अंगरखा घातला की माणूस दिसेनासा होतो, अशी गोष्ट. भाऊ बराच वेळ त्या अंगरख्याकडे बघत राहिले. "मानूस गायब होते ते समजलं," ते म्हणाले. "पन अंगरखा घालताना पह्यले एक बाही घालन. मंग तेवढाच हात गायब होईन. दुसऱ्या हातानं बटनं लावन कोन, न दिसनाऱ्या कापडाले?" चित्र चार आण्यांवर उतरलं. तंबू तीन दिवस रिकामा गेला.

परीचं पोस्टर लागलं तेव्हा त्यांनी पंख झंपरातून बाहेर आले कसे, असा प्रश्न काढला. पाठीला दोन मोठी काजं लागतील, आणि काजं पाडली तर झंपर उसवेल, असं त्यांचं मत पडलं. पण ही परी त्यांच्या मनात राहिली असावी. त्या वर्षी शाळेच्या संमेलनात मुलींचा परीनाच बसवला होता. भाऊंनी फुकट फ्रॉक शिवून दिले, आणि प्रत्येक फ्रॉकच्या पाठीला पंखांसाठी दोन सुरेख काजं. पुठ्ठ्याचे पंख त्यांतून आत सरकवले, की चपखल बसत. नाच चालू असताना सगळे मुलींचे पाय बघत होते, भाऊ मात्र पाठी बघत होते.

गावाचा त्यांच्यावर विश्वास होता. त्यामुळे गुलाबशेठला त्यांना सांभाळून घ्यावं लागे. गुलाबशेठ खामगावचा, गुबगुबीत, पान खाऊन ओठ लाल केलेला, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात बोलणारा. तो मला म्हणाला होता, "मास्तरजी, ये आदमी मेरा आधा धंदा डुबाता है. पण बाकीचा आधा ह्याच्यामुळंच चालते. क्या करूँ?"

मंगळाचा सिनेमा आगामीत लागला तो दिवाळीनंतर लगेच. त्या दिवसांत माणूस आभाळात जाऊन आल्याच्या बातम्या चावडीच्या रेडिओवर लागत आणि म्हातारी माणसं हसून सोडून देत. पोस्टर मोठं झोकदार होतं. 'मंगल ग्रह का बादशाह'. एका बाजूला तीन डोळ्यांचा हिरवा राक्षस, दुसऱ्या बाजूला राजकन्या, आणि मध्ये पायापासून गळ्यापर्यंत चकचकीत पोशाख घातलेला नायक, डोक्यावर काचेची हंडी. भाऊंनी मशीन थांबवलं ते दुपारपर्यंत सुरू केलंच नाही.

संध्याकाळी ते माझ्या घरी आले. मी भूमिती शिकवत असे, पण भाऊंच्या लेखी गुरुजी म्हटला की त्याला आभाळातलंही कळतं. "गुरुजी, त्याच्या आंगात एकबी बटन नाही. काज नाही, नाडी नाही, शिवन कुठी दिसत नाही. मंग मानूस आत गेला कसा?"

"मागून असेल काहीतरी," मी म्हणालो.

"मागून असन तं लावून देनारा लागते. थो तं एकलाच चालला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "अन् लघवीले?"

आत सुमन, माझी बायको, पोळ्या लाटत होती. ती पुण्याची. तिच्या हसण्याचा आवाज बाहेर आला आणि लाटणं पडल्याचाही आला. भाऊ मात्र गंभीर होते. त्यांना उत्तर हवं होतं. मी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव निकालाची वाट बघत होतं. मला वाटलं, चौदा-पंधराच्या खाली काही येत नाही. भाऊ म्हणाले, "सहा आणे. आता नको आनू, शेठ."

मी चाटच पडलो. आदल्या संध्याकाळी या माणसाच्या डोळ्यांत झोप नव्हती, आणि आज सहा आणे. गुलाबशेठनं पान थुंकलं, मान हलवली आणि दुसऱ्या चित्राची पेटी मागवली. संक्रांतीला त्यानं पुन्हा विचारलं. भाऊ म्हणाले, "अजून कापूस घरात हाय, लोकं वावरात हायेत." होळीला विचारलं, तर म्हणाले, "होळीले मंगळ पाहू नाही." हा नियम मी तरी दुसरीकडे कुठं ऐकलेला नाही. पोस्टर उन्हानं फिकं पडलं. हिरवा राक्षस पिवळा झाला. तरी भाऊ रोज सकाळी दुकान उघडताना त्याच्यावरची धूळ फडक्यानं पुसत.

न राहवून मी गुलाबशेठला विचारलं, "अहो, ते इतकं हाणून पाडतात, तर तुम्ही ते पोस्टर काढून का टाकत नाही?"

तो हसला. "मास्तरजी, आप नये हो. आखाजीला बघा."

मग मी आठवू लागलो. आदल्या वर्षीचा उडत्या घोड्याचा सिनेमा, सगळ्यात चांगला, तो लागला आखाजीला. त्याच्या आधीच्या वर्षी समुद्राखालच्या नगरीचा, तोही आखाजीला लागला होता, असं लोक सांगत. वर्षभर भाऊ बऱ्या चित्रांना नावं ठेवून ठेवून मागं सारत आणि त्यातलं अस्सल तेवढं आखाजीच्या आठवड्यावर आणून ठेवत. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. आमरस होतो, झाडांना झोके लागतात, आणि पोरी सासरचं काय काय ते झोक्यावर बसून सांगतात. भाऊंची एकुलती एक लेक कमल दुसरबीडला दिलेली. तीही येई. दुसरबीडच्या तिच्या घरात सुनांनी तंबूत जायची रीत नव्हती. म्हणजे कमलला वर्षात एकच सिनेमा मिळे, तो आखाजीला, माहेरी. तो सहा आण्यांचा असून कसं चालेल?

गुलाबशेठला हे सगळं ठाऊक होतं. तो चालवून घेई, कारण आखाजीला गावातल्या सगळ्याच लेकी घरी असत आणि बायकांची बाजू ओसंडून वाहत असे. पण त्याला तेवढंच ठाऊक होतं. बाकीचं मला सुमननं सांगितलं.

झालं असं की एकदा तंबूतून परतताना मी नेहमीसारखा भाऊंच्या नावानं बोटं मोडत होतो. सगळा सिनेमा नासवतात, एवढ्यानं ओरडायची गरज काय, शेजारी बसलेल्याला हळू सांगितलं तर ऐकू येत नाही का, वगैरे. सुमन चालता चालता म्हणाली, "ते शेजारच्याला सांगतच नाहीत."

ती बायकांच्या बाजूला बसायची. तंबूच्या मधोमध कापडाची कनात, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका, पडदा दोघांना सारखाच. आदल्या आखाजीला कमल येऊन सुमनच्या शेजारी बसली होती, कनातीला पाठ लावून. तिनंच हे सांगितलं. आई ती लहान असतानाच गेली. भाऊ तिला मांडीवर घेऊन सिनेमाला आणत. पोरगी राक्षसाला फार भ्यायची, पण जादूचे सिनेमे सोडवायचे नाहीत. म्हणून भाऊ आधी पोस्टर बघून राक्षस कसा आहे, त्याला किती शिंगं आहेत, तो कुठून येईल, हे सगळं तिला घरी सांगून ठेवत, आणि तंबूत तिच्या कानात हळूच म्हणत, "येऊन राह्यला." मग ती त्यांच्या उपरण्यात तोंड खुपसे. राक्षस गेला, की ते पाठीवर थोपटत.

पुढं ती मोठी झाली. कुणीतरी तंबूच्या दाराशीच म्हणालं, "भाऊ, पोरगी सयानी झाली, आता बायकाईत बसवा." बसवावं लागलं. पलीकडे तिचं आपलं असं कुणीच नव्हतं. राक्षस आला आणि कनातीपलीकडून तिच्या रडण्याचा आवाज आला. भाऊंना तिकडे जाता येईना. पुढच्या वेळी संगीत उतरलं, तसे ते कनातीला चिकटून बसले आणि तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले.

"ती म्हणाली, आता मी काही भीत नाही, पण बाबांना सांगू कसं?" सुमन म्हणाली. "आणि तुम्हाला माहीत नाही, आमच्याकडे सगळ्या बायका त्या आवाजावरच असतात. भाऊ ओरडले, की पोरांच्या डोळ्यांवर पदर घेतात. मी पण डोळे मिटते."

सुमन राक्षसाला भिते, हे मला लग्नाला तीन वर्षं होऊन ठाऊक नव्हतं. मी त्यानंतर भाऊंच्या नावानं बोटं मोडणं सोडून दिलं.

आखाजी जवळ आली तसं भाऊंनी मंगळाच्या सिनेमाला भराभर वर चढवलं. सहाचे दहा झाले, दहाचे तेरा, आणि चैत्र सरता सरता पंधरा. लग्नसराई ऐन भरात होती, शिंप्याला मान वर करायला फुरसत नसावी असे दिवस, आणि भाऊंनी मशीनवर फडकं टाकलं. घर सारवून घेतलं, अंगणातल्या निंबाला झोका बांधला. एक नवरदेवाचा बाप दुकानात येऊन तणतणला, "भाऊ, पोट्ट्याचा कोट काज-बटनाशिवाय नेऊ का?"

"न्या न," भाऊ म्हणाले. "त्या मंगळवाल्याले तरी कुठी हायेत बटनं?"

गुलाबशेठनं बैलांच्या दमणीला कर्णा बांधून गावभर जाहिरात फिरवली. मंगळाची पेटी एसटीच्या टपावरून उतरली. पेटी आली त्याच दुपारी मी स्टँडवर होतो. भाऊ सकाळपासून तिथं होते. धुतलेलं धोतर, कडक टोपी. खामगावची गाडी आली की ते खिडक्या बघत चालत जात, मागच्या दारापर्यंत जाऊन परत येत. उन्हाची एक गाडी आली. तिच्यातून वरवट बकालचा एक बैलांचा व्यापारी उतरला. तो दुसरबीडचा बाजार करून आला होता आणि कमलच्या सासूबद्दल निरोप घेऊन आला होता.

"भाऊ, तुमची येहीन पडली. मोरीत पाय घसरला. मांडीचं हाड मोडलं. पाय बांधून बाजेवर पडेल हाय. घरात दुसरं कोनी नाही करनारं. कमलबाईनं सांगतलं, औंदा येनं होत नाही."

भाऊंनी आधी विचारलं, "हाड बसवलं का बराबर?" व्यापारी हो म्हणाला. मग विचारलं, "दुखते का लय?" तो म्हणाला, रात्रभर कण्हते. भाऊ म्हणाले, "मंग बराबर हाय. पोरीनं कसं यावं?" आणि गाडी निघून गेली तरी तिथंच उभे राहिले.

तिथून ते सरळ तंबूवर गेले. मी मागोमाग गेलो, कारण मला त्यांचा चेहरा बरा वाटला नाही. गुलाबशेठ खुंट्या ठोकून घेत होता.

"शेठ, पेटी ठेवून द्या," भाऊ म्हणाले. "येहिनीचा पाय सुटू द्या. मंग लावू."

"पाय सुटायला दोन महिने लागतील, भाऊ. तोवर पाऊस. बारिश में तंबू कहाँ लगाऊँ? और ये पेटी मेरी नहीं है. इथून वरवट बकालला जाणार, तिथून पुढं. लोग राह देख रहे हैं."

"थे लोकाईले मी सांगतो. दोन आने म्हनतो."

गुलाबशेठनं हातातला हातोडा खाली ठेवला. एरवी तो चिडला असता. "भाऊ, ह्या बारीला नको," तो एवढंच म्हणाला.

भाऊ घरी गेले. दोन दिवस दुकान बंद, घरही बंदच. गावातल्या इतर पोरी येऊन त्यांच्या झोक्यावर झुलून जात होत्या, आणि ते त्यांना हाकलतही नव्हते, बोलतही नव्हते. मला त्या झोक्याकडे बघवत नव्हतं. वरवटला पेटी जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "भाऊ, आज शेवटचा दिवस. पहिल्या खेळाला चला. बघितलंत तर कमलला जाऊन सांगता तरी येईल."

"सांगाले पाहा नाही लागत, गुरुजी," ते म्हणाले. "मले न पाह्यता सांगता येते."

ते खरंच होतं. तरी उपरणं खांद्यावर टाकून ते निघाले.

दिवे लागले होते. तंबूबाहेर इंजिन धडधडत होतं, कर्ण्यावर रेकॉर्डी लागल्या होत्या. बायकांच्या बाजूला पाय ठेवायला जागा नव्हती. सुमन पलीकडे गेली, मी भाऊंबरोबर कनातीला लागून बसलो. त्यांच्या नेहमीच्या जागी माती बसून बसून गुळगुळीत झाली होती. सिनेमा सुरू झाला. रॉकेट उडालं, लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. नायक काचेची हंडी डोक्यावर घेऊन मंगळावर उतरला. त्याचा पोशाख आता चारी बाजूंनी दिसत होता, पण भाऊ पोशाखाकडे बघत नव्हते. उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते.

मंगळाच्या गुहेत संगीत उतरलं. मी भाऊंकडे बघितलं. पुढच्या रांगेतल्या दोघांनीही मागं वळून बघितलं. भाऊंनी तोंड उघडलं नाही. गुहेतून तीन डोळ्यांचा राक्षस एकदम अंगावर आला, आणि पलीकडे एकच कालवा झाला. पोरं किंचाळली, कुणाचा तरी तांब्या लवंडला, एक तान्हं रडायला लागलं ते थांबेना. भाऊंची मान आणखी खाली गेली.

थोड्या वेळानं राक्षस दुसऱ्यांदा आला. पुन्हा तसंच झालं. पुरुषांच्या बाजूलाही आता कुजबुज सुरू झाली. वर्षभर ज्या आवाजाला आम्ही शिव्या दिल्या, तो नसला तर सिनेमा अळणी लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. पण त्यांना बोला म्हणायची माझी हिंमत होईना. ज्या कानासाठी बोलायचं तो दुसरबीडला, सासूच्या बाजेशी बसलेला.

मग बादशहाच्या महालातला प्रसंग आला. राजकन्या एकटी, लांबलचक दालन, टोकाला एक बंद दार. संगीत हळूहळू उतरू लागलं. तंबूत कुणी हलेना. आणि कनातीपलीकडून, अगदी कापडाला तोंड लावल्यासारखा, एका बाईचा आवाज आला.

"भाऊ, कोण येऊन राह्यलं हो?"

तो आवाज मी ओळखला. लग्न होऊन आल्यापासून इथल्या बोलीला पदराआड हसणारी, बाजारात भाजीवालीशीसुद्धा पुण्याचंच बोलणारी माझी बायको भरल्या तंबूत, पुरुषांना ऐकू जाईल अशा आवाजात, वऱ्हाडी बोलली होती. तिच्यामागून आणखी कुणीतरी म्हणालं, "हाव न भाऊ, सांगा न. पोट्टे भेऊन राह्यले." मग तिसरी कुणी बोलली.

भाऊंनी मान वर केली. पडद्याकडे पाहिलं, त्या बंद दाराकडे पाहिलं. घसा साफ केला. मग त्यांनी मान कनातीकडे वळवली, दोन्ही हातांनी उपरणं घट्ट धरलं आणि सगळा तंबू दणाणेल अशा आवाजात म्हणाले, "येऊन राह्यला. डोळे मिटा."

दार उघडलं. आत आली ती राजकन्येची आत्या, हातात फळांचं ताट घेऊन.

पुरुषांची बाजू हसून लोटपोट झाली. भाऊही हसले, उपरण्यानं डोळे पुसत हसले, आणि पुसतच राहिले. खेळ सुटल्यावर मी विचारलं, "भाऊ, किती आणे?" ते म्हणाले, "उद्याच्या गाडीनं दुसरबीडले जाऊन येतो, पोरीले सांगतो. येहीन बी आयकन, तिचा बी जीव रमन. मंग सांगतो किती आने ते."

घरी जाताना मी सुमनला आत्याची गंमत सांगू लागलो. ताट, फळं, भाऊंचं तोंड. ती ऐकत होती, पण हसेना.

"कोण आत्या?" ती म्हणाली. "आम्ही कुणीच नाही बघितली. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले होते."